ओम्नीचे मागचे पाटे, बुश आणि शॉकअप घरी बदलायचे आहेत – सल्ला हवा

पसरणीघाट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २००९ची ओम्नी आहे. वडिलांनी घेतलेली, आता माझ्या हातात आली. हिवाळ्यात तिला एकच काम: भिलारच्या अंगाच्या शेतांतून स्ट्रॉबेरी उचलायची, पसरणी घाट उतरून वाईला आणायची आणि आठवड्यातून दोनदा पुण्याला मार्केट यार्डात पोचवायची.

यंदा हंगाम सुरू झाल्यापासून एक गोष्ट खटकतेय. गाडीच्या डाव्या बाजूला मागे ठेवलेल्या क्रेटमधलं सगळ्यात खालचं पनेट (फळांची छोटी प्लास्टिकची डबी) उघडलं की फळाच्या पोटाला ओला, गडद डाग दिसतो. उजव्या बाजूची फळं ठणठणीत. शेत तेच, तोड त्याच पहाटेची, भरणारे हातही तेच. आधी मला वाटलं भरताना दाबलं जात असेल. मग एक दिवस मुद्दाम क्रेटची अदलाबदल केली. डाग पुन्हा डावीकडेच. म्हणजे दोष गाडीत आहे.

बाकीची लक्षणं लिहितो. स्पीडब्रेकर उतरताना मागून डावीकडे 'धाड' असा कोरडा आवाज येतो. घाटात वळण संपलं तरी गाडी दोन-तीन हेलकावे खाते. डाव्या शॉकअपवर (शॉक अब्सॉर्बरवर) तेलाचा ओघळ आहे आणि त्यावर धूळ बसून चिखलासारखा थर झालाय. सपाट जागेवर गाडी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेपने मोजलं. डावीकडे ३२ मिलिमीटर कमी भरलं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. याच बाजूचे पाट्याचे, म्हणजे मागच्या पोलादी स्प्रिंगपट्ट्यांच्या टोकांचे, रबरी बुश गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये नवीन टाकून घेतले होते. आठ महिन्यांत त्यांचं रबर फाटून बाहेर लोंबतंय. रस्ते वाईट आहेत हे मान्य, पण उजवीकडचे जुने बुश अजून बरे आहेत.

गॅरेजवाले गाडी तीन दिवस ठेवा म्हणतात. हंगामात तीन दिवस गाडी बंद ठेवणं मला झेपणारं नाही. ब्रेक शू, प्लग, बेल्ट ही कामं मी घरी करतो. पुढच्या आठवड्यात तोड कमी आहे, तेव्हा अंगणात हे काम करावं असं मनात आहे. काय काय बदलावं, आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे जाणकारांनी सांगावं.

पानेवाला

राम राम. मी एसटीत मेकॅनिक होतो. दापोडीच्या कार्यशाळेत उमेदवारी केली, पुढे सगळी नोकरी डेपोत गेली. पाट्यांशी आयुष्यभर झटापट केली आहे म्हणून लिहितो.

तुमच्या ओम्नीला मागे कमानपाटे आहेत आणि पुढे कॉइल स्प्रिंगवाले स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला भाग). मागचं काम घरी होतं. पुढच्याचं नंतर बोलू.

तुम्ही मोजमाप घेतलंत हे फार चांगलं केलंत. एक नीट समजून घ्या. शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. वजन पेलतात पाटे. शॉकअपचं काम पाट्यांची उसळी आवरायचं. म्हणून नुसता शॉकअप गेला तर गाडी डुलेल, पण ३२ मिलिमीटर बसणार नाही. एक बाजू एवढी बसली याचा अर्थ पाटा थकलाय किंवा आत कुठेतरी तुटलाय. पाटा बहुतेक वेळा मधल्या बोल्टाच्या भोकापाशी तुटतो आणि पाटा अॅक्सलला बांधणाऱ्या यू बोल्टाच्या पकडीत झाकला जातो. उघडल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा नुसते शॉकअप आणि बुश आणून ठेवू नका. पाटा निघणार असं धरून तयारी करा.

शॉकअप जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना ठेवलात तर घाटात ब्रेक मारताना गाडी दोन्ही बाजूंना सारखी बसणार नाही.

लोखंडीसफर

माझं स्पष्ट मत आहे की हे काम घरी करू नये. आमच्या गल्लीत एक जण गाडीबरोबर मिळणाऱ्या कात्री जॅकवर ओम्नी उचलून खाली शिरला होता. फरशीवर जॅक सरकला. नशीब की तो तेव्हा बाहेर येत होता. पायाच्या घोट्यावर भागलं, पण तो घोटा आजही नीट वळत नाही. दोन-तीन हजार वाचवायला जीव पणाला लावू नका.

पसरणीघाट

@लोखंडीसफर दादा, तुमचं म्हणणं मनावर घेतलं आहे. माझ्याकडे हायड्रॉलिक जॅक आहे आणि चुलतभावाच्या वर्कशॉपमधून तीन टनी घोड्यांची (उचललेल्या गाडीखाली टेकवायच्या लोखंडी स्टँडची) जोडी मिळणार आहे. अंगण फरसबंद नाही, मुरूम ठोकलेला आहे.

पानेवाला

लोखंडीसफर यांनी लिहिलंय ते सगळ्यांनी दोनदा वाचावं. मी घरी करा म्हणतो ते घोड्यांच्या भरवशावर म्हणतो, जॅकच्या नव्हे. जॅक उचलायला आणि घोडी टेकायला. जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही.

मुरुमावर घोडीचे पाय रुततात. प्रत्येक घोडीखाली जाड प्लायवुडचा दीड-दोन फुटी तुकडा घ्या. आणि ओम्नीवाल्यांचा नेहमीचा घोळ सांगतो. ही गाडी मागच्या चाकांवर चालते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. मागची दोन्ही चाकं हवेत गेली की गिअर पकडत नाही आणि हँडब्रेकही उपयोगाचा नाही. गाडी तेव्हा पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर उभी असते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून अशा चार उटी हव्यात. विटा चालणार नाहीत, त्या फुटतात. लाकडाचे तिरपे ठोकळे घ्या.

घोडी टेकल्यावर खाली शिरण्याआधी गाडीला बाजूने जोरात हलवून बघा. हलायचीच असेल तर तेव्हा हलू दे.

समुद्रकाठ

आम्ही देवगडकडचे. इकडे खाऱ्या हवेमुळे खरी अडचण बोल्ट काढायची. पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला (टोकाच्या गोल वळशातला) बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो. नट सुटतो, पण बोल्ट जागचा हलत नाही. माझा अनुभव असा की आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवायचा, नुसता नटावर नाही, बोल्टाच्या दोन्ही टोकांना. आधी वायरब्रशने आट्यांवरचा गंज काढायचा. बोल्ट ठोकताना नट दोन आटे लावून ठेवायचा, म्हणजे टोक फुलत नाही. आणि नवीन बोल्ट-नट आधीच आणून ठेवायचे, कारण जुना तसाच वापरायचा मोह होतो. मागच्या आंब्याच्या हंगामात माझी गाडी अर्धी उघडी पडली होती, दुकान बंद, आणि पेट्या दारात. असली वेळ कुणावर येऊ नये.

गॅसने तापवायचं कुणी सुचवलं तर पाट्याला आच लावू देऊ नका. स्प्रिंगचं पोलाद तापवलं की त्याचा कस जातो.

शाळेचीगाडी

धागा मन लावून वाचतेय. माझी ओम्नी इचलकरंजीत शाळेच्या मुलांसाठी आहे, मी स्वतः चालवते. पानेवाले काका, पुढच्या चाकांचं कसं तपासायचं ते सांगाल का? माझ्या गाडीत खड्ड्यात गेलं की पुढे उजवीकडे 'टक' वाजतं. मेकॅनिक एकदा म्हणतो बेअरिंग, एकदा म्हणतो बॉल जॉइंट. मुलं बसतात, त्यामुळे अंदाजावर ठेवायचं नाही मला.

पानेवाला

ताई, चाक हवेत उचला, घोडी लावा. चाकाला वर आणि खाली असं दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर बॉल जॉइंट किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथे खेळ असला तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचा रॅक.

बॉल जॉइंटची खात्री करायची तर चाक लोंबतं ठेवून लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याखाली) पहार घाला आणि हलकेच वर-खाली करा. चांगल्या जॉइंटला वर-खाली खेळ जाणवत नाही. रबरी टोपी फाटून ग्रीस बाहेर आलं असेल तर खेळ नसला तरी त्याचे दिवस भरलेत, कारण आत धूळ गेली आहे.

बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. तुमच्या गाडीत मुलं आहेत. हे आठवड्यात करून घ्या, पुढच्या महिन्यावर नको.

आणि पुढचा स्ट्रट. तो सगळा सोडवून खाली काढणं घरी जमतं, पण त्याच्या माथ्यावरचा मधला नट कुणीही घरी सोडू नये. त्या नटाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग आवळायच्या हत्याराशिवाय नट सोडला तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. स्ट्रट काढा, पोत्यात घाला आणि गॅरेजवर नेऊन शॉकअप बदलून आणा. काढताना ब्रेकची रबरी नळी आधी क्लिपमधून मोकळी करा, तिच्यावर ताण यायला नको.

शाळेचीगाडी

काका, फार उपकार झाले. रविवारी भावाला घेऊन तपासते.

पसरणीघाट

पहिल्या दिवसाचा वृत्तांत.

काल संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांना वायरब्रश आणि स्प्रे मारून ठेवला होता. सकाळी साडेसातला सुरुवात केली. पुढच्या चाकांना उटी लावल्या, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग एकेक बाजू उचलून घोड्या चॅसीखाली टेकवल्या. जॅक मोकळा झाला तो अॅक्सलखाली घेतला आणि अॅक्सलचं वजन पाट्यावरून किंचित उचललं जाईल एवढाच वर केला.

शॉकअप पंधरा मिनिटांत निघाले. डावा हातात घेऊन दांडा आत ढकलला तर सुई टोचल्यासारखा सहज आत गेला आणि तिथेच राहिला. उजवा निदान थोडा अडत होता.

यू बोल्टचे नट लांब पाइप लावून सुटले. शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा) बोल्ट हातोडीने दहा मिनिटांत निघाला. पुढच्या डोळ्यातल्या बोल्टाने मात्र दुपारचे अडीच वाजवले. समुद्रकाठ दादांनी लिहिलं होतं तसंच, नट सुटला पण बोल्ट बुशसकट फिरत होता. शेवटी बुशचं रबर हॅक्सॉ ब्लेडने दोन्ही बाजूंनी कापलं, मग बोल्ट मोकळा झाला. ब्लेडला मूठ नव्हती, कापड गुंडाळून कापलं.

पाटा खाली आल्यावर पानेवाले काकांचे शब्द आठवले. मधला बोल्ट सोडून पाटे वेगळे केले तर मेन पाट्याखालचा दुसरा पाटा भोकापाशी आरपार तुटलेला. तुटलेल्या कडेचा अर्ध्याहून जास्त भाग काळा-तांबूस, गंजलेला. उरलेली पट्टी मात्र राखाडी, कणीदार, चकाकती. म्हणजे चीर कित्येक महिन्यांपूर्वी पडली होती आणि हळूहळू पुढे सरकत होती. शेवटचा तुकडा नुकताच तुटला, बहुधा याच हंगामात. त्या दोन रंगांच्या सीमेवरून मी किती वेळ बोट फिरवत बसलो होतो ते मलाच कळलं नाही. घाटात खाली दरी असते, शेजारी कधी वडील बसलेले असतात.

आता प्रश्न. वाईतले एक जण म्हणतात तुटलेला पाटा वेल्डिंग करून देतो. दुसरे म्हणतात जुनेच पाटे ठोकून कमान देतो आणि एक जादा पाटा टाकतो, मग कितीही माल भरा. तिसरा मार्ग नवा पूर्ण सेट.

पानेवाला

वेल्डिंग नाही. ही गोष्ट वादाची नाही. पाट्याचं पोलाद कडक करून, मग बेताने उतरवून तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने जोडाच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि पाटा जोडावर नाही, जोडाच्या बाजूला तुटतो. एसटीत आम्ही तुटलेला पाटा भंगारात टाकत होतो, जोडत नव्हतो.

थंडच ठोकून दिलेली कमान दिसायला छान दिसते. काही महिने गाडी उंच राहते, मग पुन्हा बसते. पाटा भट्टीत तापवून, तेलात बुडवून, पुन्हा उतरवून देणारा कारागीर असेल तर गोष्ट वेगळी. तसे आता थोडे राहिले.

जादा पाट्याचं म्हणाल तर तुमचा माल काय आहे ते बघा. सिमेंटची पोती नेणाऱ्याने टाकला तर समजू शकतो, तरी त्यालाही मी चॅसीच्या हँगरकडे (पाटा जिथे चॅसीला अडकतो तिथे) बघायला सांगेन, कारण पाटा वाकला नाही की धक्का तिथे जातो. तुम्ही स्ट्रॉबेरी नेता. स्ट्रॉबेरीला मऊ पाटा हवा. जादा पाटा टाकलात तर आता एका बाजूला डाग पडतात ते दोन्ही बाजूंना पडतील.

नवे सेट घ्या, दोन्ही बाजूंचे.

समुद्रकाठ

काकांना अनुमोदन. मी एकदा जादा पाटा टाकला होता. रिकामी गाडी खडखडत उड्या मारायची, भरलेली मात्र झक्कास वाटायची. सहा महिन्यांनी काढून टाकला.

लोखंडीसफर

पसरणीघाट, तुटलेल्या पाट्याचं वाचून अंगावर काटा आला. घरी करू नका म्हणालो होतो ते माझं मत कायम आहे, पण उघडून बघितलंत म्हणून हे कळलं हेही खरं. गॅरेजमध्ये कदाचित नुसते शॉकअप बदलून मिळाले असते. सुटे भाग कुठून घेणार? ओम्नी २०१९मध्ये बंद झाली, आता डुप्लिकेट माल फार येतो.

पसरणीघाट

पुण्याला माल उतरवायला भावाची गाडी जाणार होतीच. त्याला नाना पेठेत पाठवलं. १९८४पासून २०१९पर्यंत ही गाडी बनत होती, रस्त्यावर अजून ढिगाने आहेत, त्यामुळे भाग मिळतात. शॉकअप आणि बुश कंपनीचे, होलोग्राम बघून घेतले. पाट्याचे सेट एका जुन्या पाटेवाल्याकडून आणले. त्याने जुना पाटा मागून घेतला आणि जाडी, रुंदी, डोळ्यांमधलं अंतर मापून जोडीचे दिले. जुना पाटा बरोबर पाठवला होता म्हणून बरं झालं. नुसतं 'ओम्नीचा द्या' म्हटलं असतं तर काय मिळालं असतं सांगता येत नाही.

पानेवाला

शाब्बास. आता बसवण्याआधी चार गोष्टी.

नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो. बसवायच्या आधी तो सरळ उभा धरून दांडा पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत असा सहा-सात वेळा करा. आतली हवा जागेवर जाते. सुरुवातीला मधेच रिकामा गेल्यासारखा वाटेल, मग एकसारखा जड होईल. गॅसचा असेल तर त्याला पट्टी बांधलेली असते. ती शेवटी कापा.

पाट्याच्या मधल्या बोल्टाचं डोकं अॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात बसलंच पाहिजे. ते कडेवर टेकलेलं असताना यू बोल्ट आवळले तर अॅक्सल तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. बोटाने चाचपून बघा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. यू बोल्टचे चारही नट फुलीच्या क्रमाने, थोडे थोडे आवळा.

बुश बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. साबणाचं पाणी लावा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमचे बुश आठ महिन्यांत का गेले याचं उत्तरही बहुतेक त्यातच आहे. डोळ्यातला बोल्ट आणि शॅकलचे नट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. हाताने बसवा, पान्याने टेकवा, तिथेच थांबा. चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, मागून पाच-सहा वेळा दाबून सोडा, पाटे आपल्या नेहमीच्या जागी येऊ द्या. मग खाली वाकून शेवटचं आवळा.

कारण असं. रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. नट आवळला की रबर दोन्हीकडून पकडलं जातं, आणि पाटा हलतो तेव्हा ते रबर पिळलं जातं. गाडी हवेत असताना पाटा लोंबलेला असतो. त्या अवस्थेत नट आवळला तर गाडी खाली टेकताच रबर पिळलं जातं आणि रात्रंदिवस, उभ्या गाडीतसुद्धा, पिळलेलंच राहतं. प्रत्येक खड्डा त्या पिळावर आणखी पीळ देतो. मग ते फाटणारच. लिफ्टवर गाडी असते, मुलगा नवीन असतो, पाठोपाठ दुसरी गाडी उभी असते, सगळे नट वरच आवळले जातात. मी शिकाऊ मुलांना पहिली गोष्ट हीच शिकवत होतो.

पसरणीघाट

काका, आज तुमचं वाचल्यावर जुने बुश पुन्हा हातात घेतले. सगळ्या चिरा एकाच दिशेने तिरप्या गेल्यात, ओलं कापड पिळल्यावर वळ्या पडतात तशा. रस्त्याने फाटले असते तर चिरा सगळीकडून दिसल्या असत्या. आठ महिने मी खड्ड्यांना दोष देत होतो.

अजून एक विचारतो. दर सर्व्हिसिंगला गाडी धुतली की खालून डिझेलचा फवारा मारून घेण्याची आमच्याकडे पद्धत आहे. गंज लागत नाही म्हणतात. बुशचं रबर कडेला फुगलेलं आणि चिकट झालंय, ते त्यामुळे का?

पानेवाला

हो, त्यामुळेच. डिझेल आणि जळकं ऑइल साध्या रबराला फुगवतं आणि मऊ करतं. पत्र्याला फायदा होतो, रबराला तोटा. पुढच्या वेळी त्या पोराला सांगा की पाट्याचे डोळे, शॅकल आणि ब्रेकच्या नळ्या सोडून मार. आणि ब्रेक ड्रमच्या बाजूला तर अजिबात नको.

समुद्रकाठ

हे मला माहीत नव्हतं. कोकणात आम्ही सगळे हा फवारा मारून घेतो. आजपासून बुश वाचवून मारायला सांगतो.

इकोनगर

मी नगरचा. माझी इको आहे, मागचे शॉकअप बदलायचे आहेत. ओम्नीसारखंच करू का?

पानेवाला

थांबा. इकोला मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. ओम्नीचा शॉकअप काढला तरी पाटा अॅक्सलला धरून असतो. इकोत अॅक्सल किती खाली जायचा ते शॉकअपच आवरतो. अॅक्सलला आधार न देता शॉकअपचा बोल्ट काढलात तर अॅक्सल खाली पडेल, ब्रेकच्या नळीला ताण बसेल आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकेल. चॅसीखाली घोड्या लावा, अॅक्सलखाली जॅक टेकवून थोडा वर घ्या, आणि एका वेळी एकच शॉकअप काढा. एक बसला की मगच दुसरा. त्याच्या आर्मच्या बुशांनाही तोच नियम: शेवटचं आवळणं गाडी चाकांवर आल्यावर.

इकोनगर

बरं झालं विचारलं. मी उद्या दोन्ही एकदम काढणार होतो.

पसरणीघाट

दुसऱ्या दिवसाचा वृत्तांत.

काम सकाळी आठ ते दुपारी एक. पाटे चढवायला दोन माणसं हवीतच. भावाने शॅकलची बाजू धरली, मी पुढचा डोळा. बुश साबणाच्या पाण्याने अंगठ्याने दाबूनच बसले. मधल्या बोल्टाचं डोकं डावीकडे दोनदा चुकलं. वरून बघताना बसल्यासारखं वाटत होतं, बोट फिरवल्यावर कळलं की कडेवर आहे. जॅकने अॅक्सल केसभर पुढे-मागे करत बसवलं. टप्प असा बारीक आवाज झाला, तेव्हा दोघांनी श्वास सोडला.

यू बोल्ट आवळून झाल्यावर एक पडताळणी केली. गाडी चाकांवर आणली आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं. दोन मिलिमीटरचा फरक, तो माझ्या टेपचाही असू शकतो. मग गाडी मागून दाबून सोडली, भाऊ पायरीवर उभा राहून उड्या मारत होता, आणि त्यानंतर खाली सरकून डोळ्याचे आणि शॅकलचे नट आवळले. ओम्नी जमिनीला एवढी चिकटून नसते की पाना जाणार नाही, पण पाठ मुरुमाला घासते. खाली पोतं अंथरा.

उंची आता डावी-उजवी सारखी आहे. दाबून सोडली की एकदा वर येते आणि थांबते.

पुढच्या चाकांचं अलाइनमेंट वाईत करून घेतलं, कारण मागची उंची बदलली की पुढचा अंदाजही बदलतो असं तिथल्या मिस्त्रीने सांगितलं आणि मला ते पटलं.

शाळेचीगाडी

पसरणीघाट दादा, अभिनंदन. माझंही कळवते. ब्रेक दाबल्यावर खेळ तसाच राहिला, पहार घातल्यावर उजवा बॉल जॉइंट चक्क वर-खाली झाला. रबरी टोपी फाटून आत लाल माती भरली होती. सोमवारी मुलांना रिक्षाने पाठवलं, मंगळवारी दोन्ही बाजूंचे जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश बदलून घेतले. मेकॅनिकला म्हटलं, बुशचे नट गाडी खाली उतरवल्यावर आवळा. तो आधी बघत राहिला, मग म्हणाला, 'ताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?' आणि त्याने तसंच केलं, मी शेजारी उभी होते.

पानेवाला

ताई, मंगळवारी केलंत, फार बरं वाटलं.

पसरणीघाट, यू बोल्ट ३००-४०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, रंगाचा थर दबतो, आणि नट सैल पडतात. हे विसरलं की मधला बोल्ट तुटतो. पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या की लगेच बघा.

पसरणीघाट

शेवटची नोंद.

पुण्याच्या दोन फेऱ्या आणि घाटाच्या अकरा फेऱ्या झाल्या. आज यू बोल्ट तपासले. डाव्या बाजूचे दोन नट पाव-पाव फेरा गेले, उजव्या बाजूचा एक. बाकीचे पक्के. पुढच्या डोळ्याचे आणि शॅकलचे नट जागचे हलले नाहीत. बुशच्या कडेला खडूने आडवी रेघ मारून ठेवली आहे, रबरावरून पाट्यावर जाणारी. रेघ तुटली की रबर सरकलं असं समजायचं. दर महिन्याला बघेन आणि इथे लिहीन.

काल पहाटे भिलारहून ४० क्रेट आणले. वाईत उतरवताना डाव्या बाजूचं सगळ्यात खालचं क्रेट वडिलांनी स्वतः उघडलं. २०० ग्रॅमची आठ पनेट त्यांनी एकेक करून उलटी केली आणि प्रत्येक फळ वळवून पाहिलं. एकावरही डाग नव्हता. त्यांनी एक फळ पुसून तोंडात टाकलं आणि म्हणाले, उजवीकडचा शॉकअपही बदललास ना? बदलला म्हटलं.